ज्ञात-अज्ञात

गेल्या महिन्यात आमच्या क्लबच्या फुटबॉल टुर्नामेंटची फायनल झाली आणि नेहमीसारखा बक्षीस समारंभाचा माइक माझ्या हातात आला. गेली आठ-नऊ वर्षं हे काम माझ्याकडेच आहे, आवाज बरा आहे आणि मराठी-कोकणी दोन्हीत न अडखळता बोलतो म्हणून. दुपारी एक जोरदार सर येऊन गेली होती, ग्राउंडवरचा लाल चिखल लोकांच्या चपलांबरोबर स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आलेला, टेबलावर ट्रॉफ्या, बाजूला शालींचा गठ्ठा आणि सोललेले नारळ. मी यादी वाचत गेलो. आमदार, सरपंच, पंच, स्पॉन्सर, रेफ्री, लाइन्समन, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, साउंडवाला, मंडपवाला, अगदी पार्किंगला जागा दिली त्या भाटकाराचंसुद्धा नाव घेतलं. आणि शेवटी, माइक खाली ठेवायच्या आधी, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं ते वाक्य आपोआप आलं, "ही स्पर्धा यशस्वी करण्यासाठी ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी मदत केली त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार." टाळ्या झाल्या. त्याच वेळी माझी नजर सहज पलीकडच्या गोलपोस्टकडे गेली. तिथे भाई स्टुलावर उभे राहून नेटच्या दोऱ्या सोडवत होते, कारण ओलं नेट रात्रभर तसंच राहिलं तर कुजतं. दोन लाऊडस्पीकरपैकी एक बरोब्बर त्या पोस्टच्या मागच्या माडाला बांधलेला होता. म्हणजे माझं वाक्य माझ्यापेक्षा त्यांना जास्त स्पष्ट ऐकू आलं असणार.

त्यांनी मान वळवली नाही. दोरी सोडवत राहिले.

घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्ञात-अज्ञात. कोण अज्ञात? तेराशे-चौदाशे वस्तीचं आमचं गाव, गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, कोणाच्या घरी काल कुठलं मासळीचं हुमण होतं ते दुसऱ्या दिवशी नाक्यावर कळतं, त्या गावात अज्ञात असतोच कोण? भाईंना तर मी चड्डीत होतो तेव्हापासून ओळखतो. ते क्लबचे अध्यक्ष नाहीत, सेक्रेटरी नाहीत, खजिनदार नाहीत, कमिटीच्या बोर्डावर त्यांचं नाव कधीच आलं नाही. पोटापाण्यासाठी गवंडी. पण बाहेरगावचा कोणी मैदानाच्या चावीसाठी किंवा पंपासाठी विचारत आला की लहान पोरगंसुद्धा त्यांच्या घराकडे बोट दाखवतं, "भाई क्लबाचो मनीस." आमच्याकडे व्हॉलंटिअर वगैरे शब्द कोणी वापरत नाही, स्वयंसेवक म्हटलं की लोकांना वेगळंच काहीतरी वाटतं. क्लबाचो मनीस, बस. आणि त्या माणसाला मी माइकवरून, दोन लाऊडस्पीकर लावून, अज्ञात म्हटलं.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याबरोबर लाइन मारायला गेलो. गेलो म्हणजे ते सायकलवरून फक्कीची गोणी घेऊन जात होते, मी रस्त्यात दिसलो, म्हणाले, "यो, सुतळी धरपाक मनीस जाय." ये, सुतळी धरायला माणूस हवाय. सकाळचे साडेपाच असतील, देवळातला काकडा नुकताच संपला होता, गवत दवानं ओलं, पायाच्या बोटांमध्ये थंड लागत होतं. मला वाटलेलं लाइन मारणं म्हणजे पांढरी पूड टाकत सरळ चालत जायचं. भाईंनी आधी खिशातून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल चोळलं, मलाही लावायला दिलं. तेव्हा फक्की म्हणजे सरळ चुन्याची पूडच असायची, घाम आला की हात जळायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या, त्या भेगांमध्ये चुना बसून बारीक पांढऱ्या रेघा झालेल्या, आजही आहेत, नीट बघितलं तर दिसतात. मग त्यांनी एक दोरी काढली. तिला तीन ठिकाणी गाठी. एका गाठीपासून दुसरीपर्यंत तीन हात, पुढे चार हात, मग पाच हात. मला एक गाठ धरून कॉर्नरच्या खुंटीपाशी बसवलं, दुसरी गाठ टचलाइनच्या सुतळीवर लावली आणि तिसरी घेऊन ते स्वतः मागे मागे सरकत गेले, दोरी तट्ट ताणली. "आता कोपरो गुण्यात आयलो," म्हणाले. गुण्यात म्हणजे काटकोनात. घराचा पाया आखताना चिऱ्याच्या भिंतीचा कोपरा जसा गुण्यात घेतात तसाच मैदानाचा कोपरा त्यांनी घेतला होता. पायथागोरसचं प्रमेय मला शाळेत तीन-चार वर्षांनी शिकवलं, फळ्यावर मास्तरांनी तीन, चार, पाच लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती दोरी आली, आणि वर्गात मला एकट्यालाच ते आधीपासून माहीत होतं याचा किती अभिमान वाटला होता!

मग पेनल्टी एरिया, साडेसोळा मीटर. भाईंना मीटरमध्ये मोजायला आवडायचं नाही, ते अठरा यार्ड म्हणायचे, आणि त्यांच्याकडे त्या मापाची वेगळी दोरी होती, सहा यार्डाची वेगळी, सेंटर सर्कलच्या दहा यार्डाची वेगळी. सर्कलची गंमत मला सगळ्यात आवडायची. मध्ये खुंटी ठोकायची, तिला दोरीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला खिळ्यानं भोकं पाडलेला डालडाचा जुना डबा, आणि दोरी सैल न सोडता हळूहळू गोल फिरायचं, डब्यावर काठीनं टकटक मारत. पूड भुरभुरत खाली पडायची. पूर्ण फेरी मारून जिथे सुरुवात केली तिथेच रेघ येऊन मिळाली की भाई एकदम खुशीत यायचे, काही बोलायचे नाहीत, फक्त डबा खाली ठेवून कमरेवर हात देऊन बघत उभे राहायचे. उजाडलेलं असायचं तोवर. हिरव्या गवतावर ती ताजी पांढरी रेघ, अजून कोणाचा पाय न पडलेली. चार वाजता मॅच सुरू व्हायची आणि हाफ टाइमपर्यंत अर्धी पुसलेली असायची. पावसाळ्यात तर एक सर आली की संपलं, मग भाई छत्री घेऊन हाफ टाइमच्या दहा-पंधरा मिनिटांत निदान दोन्ही पेनल्टी एरिया तरी परत मारून घ्यायचे.

एक मॅच मी विसरू शकत नाही. मी अकरा वर्षांचा असेन, शेजारच्या गावाबरोबर सेमीफायनल, शेवटची पाच-सात मिनिटं राहिलेली, बरोबरी. त्यांचा फॉरवर्ड आत घुसला आणि आमच्या डिफेंडरनं त्याला पाडलं, रेघेवरच. रेफ्री धावत आले. आत की बाहेर यावरून दोन्हीकडचे लोक मैदानात. रेफ्री खाली वाकले, रेघ बघितली, फक्कीवर पाय घासून गेल्याची खूण स्पष्ट दिसत होती, आणि रेघ ही पेनल्टी एरियाचाच भाग धरतात, त्यामुळे त्यांनी सरळ स्पॉटकडे हात केला. गोल झाला, आम्ही हरलो. त्या संध्याकाळी आमच्याच लोकांनी सगळा राग कोणावर काढला असेल? भाईंवर. तू रेघ मारलीस, चार बोटं अलीकडे मारली असतीस तर काय बिघडलं असतं, आपलं ग्राउंड, आपली फक्की. एक जण तर अगदी अंगावर गेला. भाई गोणीत उरलेली फक्की भरत होते, मान वर न करता एवढंच म्हणाले, "गुण्यात आसा. मेजून पळय." कोणी मोजून बघितलं नाही. मलाही त्या दिवशी त्यांचा राग आला होता, खरं सांगतो, घरी जाऊन मी रडलो होतो आणि मनातल्या मनात त्यांनाच बोल लावला होता. पुढच्या रविवारी दुसरी सेमीफायनल होती, सकाळी साडेपाचला ते सायकल घेऊन निघाले आणि मी गेलो नाही, खिडकीतून बघत राहिलो. त्या दिवशी त्यांनी सुतळीचं दुसरं टोक दगडाखाली ठेवून एकट्यानंच लाइन मारली.

गोव्यात फुटबॉल कसा आला ते इथे कोणाला सांगायला नको, १८८३ साली शिवोलीला आयरिश धर्मगुरू फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी आणला, प्रत्येक वर्धापनदिनाच्या भाषणात हे वाक्य येतंच, मीसुद्धा कितीदा वाचलंय. पण त्या रात्री झोप येत नव्हती तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की त्या शिवोलीच्या पहिल्या मैदानावरचं गवत कोणी कापलं असेल? दगड कोणी वेचले असतील? बांबूचे का होईना पण दोन खांब कोणीतरी पुरलेच असणार की! त्या फादरचं नाव आपल्याला १४० वर्षं पाठ आहे आणि ते बरोबरच आहे, ते विसरायला नकोच. पण खांब पुरणाऱ्याचं नाव कोणी लिहूनच ठेवलं नाही, आणि आता शोधायचं म्हटलं तरी मिळायचं नाही. ब्रह्मानंद शंखवाळकरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या नाक्यावर पेढे वाटले होते, गोव्याचा कॅप्टन, काय तो गोलकीपर, त्यांच्या खेळाच्या गोष्टी सांगत म्हातारी माणसं तासभर उभी होती. भाई तेव्हा तिथेच होते, त्यांनी सगळ्यात जास्त पेढे खाल्ले. असा गोलकीपर कुठल्यातरी गावातल्या मैदानावर, कुठल्यातरी दोन पोस्टांच्या मध्येच लहानाचा मोठा होतो, आणि त्या पोस्टांना दर पावसाळ्याआधी कोणीतरी रंग मारलेला असतो.

आमच्या भागात तर खाणींचा पैसा होता तेव्हा सगळं वेगळं होतं. मोठे क्लब खाणमालकांचे, धेंपो, साळगावकर, आणि आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, सुरू झाली तेव्हापासून पहिले सलग सहा सीझन ट्रॉफी गोव्यातच आली, धेंपोनं तीनदा, चर्चिल ब्रदर्सनं दोनदा, साळगावकरनं एकदा. आत्ता आठवलं तरी ऊर भरून येतो. त्या दिवसांत गावच्या टुर्नामेंटलासुद्धा पैसे कमी पडायचे नाहीत, कोणा ना कोणा ट्रकमालकाचा, बार्जवाल्याचा चेक यायचा, ग्राउंड सपाट करायला जेसीबी फुकट मिळायचा. फुटबॉल गोव्याचा राज्य खेळ म्हणून जाहीर झाला २०१२ साली, आणि त्याच २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये परत बंद. घरासमोर टिप्पर उभे राहून गंजले. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. तेव्हा पेपरात बरंच काही छापून आलं, कोणाचं चुकलं, फेडरेशन काय म्हणतं, वगैरे. आमच्या गावात त्याचा अर्थ एवढाच झाला की चेक यायचे बंद झाले आणि टुर्नामेंट तरीही झाली. कशी झाली? भाईंनी दोन दुकानांत फक्की उधारीवर घेतली. ज्या घराचं काम चाललेलं तिथल्या मालकाकडून उरलेल्या लोखंडी पाइपचे कॉर्नर फ्लॅगचे दांडे करून आणले. गवत कापायच्या मशीनला पेट्रोल कोण घालतं हे कमिटीच्या मीटिंगमध्ये कधी चर्चेला आलंच नाही, कारण मशीन चालू असायचं. आता विचार करतो तर पोटात कसंतरी होतं, कारण त्या काळात त्यांच्याकडेही कामं नव्हती, खाणी बंद म्हणजे गावात घरं बांधणार कोण?

आम्ही मीटिंगमध्ये विचारलंच नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सतरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्ड कपच्या मॅच होत्या. मी दोन तिकिटं काढली आणि भाईंना घेऊन गेलो, इराण विरुद्ध जर्मनी, इराणनं ४-० नं जिंकली आणि स्टेडियम नुसतं वेडं झालं होतं. पण मॅच सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास मला जास्त आठवतो. गेटपासूनच एकसारखे टीशर्ट घातलेली तरुण पोरं-पोरी, गळ्यात कार्ड, कार्डावर फोटो आणि नाव, जागा दाखवतात, हसून बोलतात, कॉलेजची मुलं असावीत. भाईंनी एका पोराला विचारलं, तुम्हांला पगार मिळतो काय? तो म्हणाला, "नाही काका, आम्ही व्हॉलंटिअर." भाईंनी त्याच्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन नीट बघितलं, नाव वाचलं आणि त्याला म्हणाले, बरं केलंय. नंतर जागेवर बसल्यावर बराच वेळ ते खेळाडूंकडे बघतच नव्हते, रेघांकडे बघत होते. दिव्यांच्या उजेडात त्या रेघा अशा पांढऱ्याशुभ्र, अशा सरळ, जणू कोणी छापल्यात. मी सांगितलं की हा रंग असतो, मशीननं मारतात, पावसानं जात नाही. ते म्हणाले, "दोरी मात्र लावलीच असणार. दोरीशिवाय होत नाही." आणि मग सगळी मॅच तोंडातून शब्द नाही, फक्त चौथ्या गोलला उभे राहून त्यांनी शिट्टी मारली.

त्या मुलांच्या गळ्यातलं ते कार्ड माझ्या मनात राहिलं. साधी गोष्ट, प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर नाव. आमच्याकडे एवढंसुद्धा कोणाला सुचलं नाही याचं वाईट वाटतं. आणि असं नाही की आमच्या लोकांना मान कसा द्यायचा ते कळत नाही. उलट! आमच्या देवळात जत्रेला पहिला प्रसाद कोणाचा, पालखीला पुढचा खांदा कोणाचा, मशाल कोण धरणार, तेल कोणाच्या घरातून येणार, सगळं ठरलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्यात जरा इकडचं तिकडे झालं तर भांडणं कोर्टापर्यंत जातात. तेलाची बुधली धरणाऱ्याला मान आहे. कोणाच्या अंगात देवाचा अवसर आला की त्याच्यामागे पंचा घेऊन उभा राहतो त्यालाही मान आहे. जत्रेच्या नाटकात विंगेत टॉर्च घेऊन बसणाऱ्या प्रॉम्प्टरचं नावसुद्धा आम्ही हस्तपत्रकावर छापतो, शेवटच्या ओळीत का होईना. मग मैदानावरच का आम्ही एवढे विसरभोळे? मला वाटतं फुटबॉल आमच्याकडे मजा म्हणून आला, आणि मजेचं काम कोणी करतो तर ते त्याच्या हौसेचं, असं आम्ही धरून चालतो. हौस आहे त्याला, करू दे. हौसेला कोणी आभार मानतं काय?

आणखी एक गोष्ट आम्ही सगळे बोलतो, मीही बोलत आलोय, "भाईंना नाही आवडत स्टेजवर यायला." किती सोयीचं वाक्य आहे हे! शालींची यादी करताना व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी दर दोन-तीन वर्षांनी त्यांचं नाव सुचवतं, मग दुसरा कोणी लिहितो की त्यांना नाही आवडत, चार जण अंगठा दाखवतात आणि ती शाल एखाद्या स्पॉन्सरच्या भावाला जाते. त्यांना विचारायला कोणी त्यांच्या घरी गेलं का? माझ्या घरापासून चालत चार मिनिटं.

तर मी गेलो. फायनलनंतरच्या मंगळवारी, संध्याकाळी कामावरून आल्यावर. भाई सोप्यावर बसून नेटची फाटलेली चौकटी सुतळीनं विणत होते, मुंबईला असलेल्या मुलानं पाठवलेला चष्मा नाकावर. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो, शेवटी धीर करून म्हटलं की भाई, रविवारी मी माइकवरून जे म्हटलं ते, तुमचं नाव घ्यायचं राहिलं. ते विणतच राहिले. म्हणाले, "आयकलें रे." एवढंच. थोड्या वेळानं म्हणाले (बोलणं सगळं कोकणीत, मी जमेल तसं मराठीत लिहितोय) की नाव घेतलं असतंस तर बरं वाटलं असतं, नाही असं नाही. पण नावापेक्षा माणूस पाठव. सकाळी सुतळी धरायला दोन वर्षं झाली कोणी येत नाही, आता कंबर वाकत नाही, दगडाखाली टोक ठेवलं तर सरकतं, यंदा डावीकडचा कॉर्नर गुण्यात नव्हता, कोणाला कळलं नाही पण मला कळतं. पोरं सगळी टर्फवर जातात, तासाचे पैसे भरून, तिथे रेघा आयत्या असतात. त्यांना राग नव्हता, तक्रारीचा सूरही नव्हता, पण "डावीकडचा कॉर्नर" म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला, आणि मला काय बोलावं ते समजेना. मी म्हटलं की यावर काहीतरी लिहिणार आहे. तर लगेच म्हणाले, "बरय. म्हजें नांव घालूं नाका." मी म्हटलं, भाई, आत्ताच तर म्हणालात नाव घेतलं असतं तर बरं वाटलं असतं! ते म्हणाले, "तें आमच्या ग्राउंडार. भायर कित्याक?" बाहेर कशाला? म्हणून इथे नाव नाही.

मी उठायला लागलो तेवढ्यात मागच्या दारी धुणं आपटल्याचा आवाज आला. मागे गेलो तर वयनी, म्हणजे भाईंची बायको, विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर जर्सी घासत होत्या. टुर्नामेंटचा सेट, सोळातल्या पंधरा जर्सी, फायनलच्या. बाजूच्या बादलीतलं पाणी लालेलाल, आमच्या मातीचा तो लाल रंग, ज्यांनी पांढरे कपडे घालून गोव्याच्या पावसात फुटबॉल खेळलाय त्यांना माहीत आहे तो डाग काय असतो. सुकल्यावर आधी ब्रशनं माती झाडायची, मग भिजत घालायचं, घाईनं ओलीच घासली तर डाग आणखी आत जातो, हे त्यांनीच मला सांगितलं, हात न थांबवता. मी किती वर्षं त्या जर्सी घातल्या, रविवारी दुपारी बॅगेतून घडी केलेली, उन्हाचा आणि साबणाचा वास असलेली जर्सी निघायची आणि मी ती डोक्यावरून घालायचो. ती कोण धुतं असा प्रश्न कधी पडला? पावसाळ्यात गोव्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तर त्या सुकायच्या कशा? वयनींनी चुलीच्या वरची दांडी दाखवली. तिथे, जळणाच्या धगीवर, दोन-दोन दिवस. म्हणून कधी कधी जर्सीला किंचित धुराचा वास यायचा. तो वास मला आत्ता लिहिताना पण येतोय.

भाईंच्या नावासाठी रात्रभर जागलेला मी, वयनींची मला आठवणसुद्धा झाली नव्हती.

त्या म्हणाल्या, "बस मरे, च्या करता," आणि हात पुसून आत गेल्या, येताना चहाबरोबर एक वही घेऊन आल्या. शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठा निघालेला, सुतळीनं शिवलेला. म्हणाल्या, चौदा नंबर परत आली नाही, बघ कोणाकडे आहे, तुमच्या त्या ग्रुपवर टाक. वही माझ्यासमोर उघडली. वयनी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर गोल आणि सुबक, एकेक पान एकेका मॅचचं. वर तारीख. खाली नंबर, नंबरापुढे नाव, नावापुढे जर्सी परत आली की नाही आणि कशी आली. "५, बगल उसवली, शिवली." "९, परत नाही, आईकडे निरोप दिला." "३, ग्रीस लागलं, रॉकेल." अशी २००१ पासूनची पानं. क्लबकडे इतक्या वर्षांचं कुठलंही रेकॉर्ड नाही, जुने स्कोअर नाहीत, टीमचे फोटो अर्धे वाळवीनं खाल्ले, ऑफिसचं कपाट गळक्या पावसात भिजलं. पण कोण कुठल्या रविवारी खेळलं, सगळं या वहीत आहे. जे आता नाहीत त्यांची नावं. जे दुबईला, इंग्लंडला गेले त्यांची. दोनच मॅच खेळून परत कधी न दिसलेल्या पोरांची. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी पानं मागे उलटत गेलो. चहा निवला. १७ ऑगस्ट २००३ च्या पानावर बाराव्या नंबरापुढे माझं नाव होतं. त्यापुढे लिहिलेलं, "रक्त. थंड पाणी, मीठ. गेलं." मी डाव्या भुवईला हात लावला, तिथे अजून बारीक व्रण आहे, हेडरला उडी मारताना समोरच्याचं डोकं लागलं होतं. माझ्या बायकोला हा व्रण कशाचा ते मी एकदा सांगितलं होतं, ती विसरली असेल. मॅच जिंकलो की हरलो तेही मला आठवत नाही. वयनींना विचारलं, तुम्हांला आठवतं? त्या म्हणाल्या, आठवतं म्हणजे, तीनदा भिजत घालावी लागली, आणि तुझ्या आईला विचारायला आले होते मी दुसऱ्या दिवशी, टाके पडले काय म्हणून, तू झोपलेलास.

मी वही मिटली तेव्हा पुठ्ठ्यावरचं लेबल दिसलं. "नाव" असं छापलेल्या ओळीवर वयनींनी क्लबचं नाव लिहिलं होतं.

काळोख पडत आला होता. भाई सोप्यावरून ओरडले, शनिवारी पोरांची मॅच आहे, चौदा वर्षांखालची, सकाळी लाइन मारायची आहे. मी हो म्हटलं आणि चौदा नंबर कोणाकडे असेल याचा विचार करत बाइकला किक मारली. वरच्या वाड्यावरच्या पोराकडे मिळाली, दोन दिवस पिशवीत तशीच चिखलासकट गुंडाळून ठेवलेली, कुबट वास सुटलेला. तो म्हणाला, दादा, मी उद्या धुऊन आणून देतो. मी म्हटलं, आत्ताच दे, पण तू चल माझ्याबरोबर, तूच नेऊन दे वयनींना, आणि शनिवारी पाच वाजता उठ. तो मागे बसला. जर्सी त्यानं छातीशी धरली होती, माझ्या पाठीला तिचा ओलावा लागत होता.